अपघातानंतरची पहिली दहा मिनिटं : शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर जखमीला कसं सांभाळायचं

ऊसतोडणी सुरू झाली की शिरूर आणि दौंड तालुक्यातले रस्ते बदलतात. न्हावरा-चौफुला रस्त्यावर, केडगाव-पाटसच्या बाजूला, भीमा आणि घोड नदीकाठच्या आडरस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि रस्त्यावर सांडलेलं वाढं. त्यात पहाटेचं धुकं. एकीकडे रांजणगाव एमआयडीसीची आणि दुसरीकडे कुरकुंभ एमआयडीसीची पाळी सुटते, आणि घरी पोचायची घाई असलेली पोरं दुचाकीवरून याच रस्त्याने निघतात. पुढचं सांगायला नको.

शिरूर असो की दौंड, मोठा अपघात झाला की नातेवाईकांच्या तोंडी एकच शब्द येतो, ‘ससून’. पण ससून गाठायला इकडून वाघोलीची गर्दी आणि तिकडून लोणी काळभोर-हडपसरची गर्दी पार करावी लागते. दीड-दोन तास कुठे जातात कळत नाही. जखमी माणूस वाचणार की नाही हे बऱ्याचदा त्या दीड तासात ठरत नाही, त्याच्या आधी रस्त्यावरच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ठरतं. तिथे डॉक्टर नसतो. तिथे असतो आपल्यापैकीच कुणीतरी: ट्रॅक्टरवाला, चहाच्या टपरीवरचा चाचा, मागून येणारं एखादं जोडपं. म्हणून ही माहिती घरातल्या सगळ्यांनी वाचावी, अम्मी-खालांनीसुद्धा.

आधी रस्ता, मग जखमी

अपघात दिसला की धावत सुटायचं हा माणसाचा स्वभाव. पण आंधळ्या वळणावर पडलेल्या माणसाभोवती दहाजण उभे राहिले तर मागून येणारा ट्रक त्या दहांनाही घेऊन जातो. म्हणून एकाने मोबाईलची टॉर्च लावून अपघाताच्या मागे किमान पन्नास-साठ पावलं जायचं आणि गाड्या थांबवायच्या. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे उभं राहायचं. आपली गाडी बाजूला घेऊन चारही इंडिकेटर चालू ठेवायचे. पडलेल्या दुचाकीची चावी बंद करायची. पेट्रोल सांडलेलं असेल तर बिडी-सिगारेट दूर. विजेचा खांब पडला असेल तर तारेजवळ कुणी जायचं नाही, आधी वीज बंद करून घ्यायची.

दुसऱ्याने फोन लावायचा. १०८ ही महाराष्ट्रातली मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून सुरू आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. ११२ वर पोलिसांसह सगळी मदत मिळते. पुणे-सोलापूर महामार्गावर असाल तर राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हा क्रमांकही चालतो. फोनवर “लवकर या, लई लागलंय” एवढं पुरत नाही. कुठे ते नीट सांगा: कोणत्या गावाच्या पुढे, कुठला फाटा, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, जवळचा ढाबा किंवा कारखाना. किती जण जखमी, कुणी बेशुद्ध आहे का, कुणी गाडीखाली अडकलंय का. समोरचा माणूस ठेवा म्हणत नाही तोवर फोन ठेवू नका, कारण तो तिकडून काय करायचं तेही सांगतो.

इथेच एक कडू गोष्ट सांगावी लागते. अशा वेळी गर्दीतले निम्मे लोक व्हिडिओ काढत असतात आणि उरलेले ट्रॅक्टरवाल्याला मारत असतात. मारणाऱ्या हातांतला एक हात जरी रक्त वाहणाऱ्या जखमेवर दाबून धरला असता तरी उपयोग झाला असता. ड्रायव्हर पळाला तर पोलीस त्याला शोधतील, नंबर प्लेटचा एक फोटो पुरे.

श्वास आहे का?

जखमीजवळ गुडघ्यावर बसा. खांद्यावर हलकं थोपटून मोठ्याने हाक मारा. मान हलवू नका, गदागदा तर अजिबात नाही. बोलला, कण्हला तर श्वास चालू आहे. काहीच नाही तर छातीकडे पाहत दहा सेकंद थांबा. छाती वरखाली होते का, तोंडाजवळ गाल नेला तर श्वास लागतो का. अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास येत असेल तर तो श्वास धरू नये.

श्वास नसेल तर छाती दाबायची. जखमीला पाठीवर सपाट ठेवून दोन्ही स्तनांच्या मधोमध, छातीच्या हाडावर एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ. पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास देणं शिकलेलं असेल तर तीस दाबांनंतर दोन श्वास. शिकलेलं नसेल तर नुसतं दाबत राहा. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून माणसं बदलत राहा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

जखमी बाई असेल तर पुष्कळदा पुरुष मागे सरतात. बुरख्यातल्या भगिनीला हात कसा लावायचा, लोक काय म्हणतील. जवळ बाई असेल तर तिनेच करावं हे बरोबर. पण नसेल तर जीव वाचवताना परक्या हाताचा प्रश्न मागे पडतो, ही सवलत आपल्याच शरीअतने दिलेली आहे. छाती दाबायला बुरखा काढावा लागत नाही, कपड्यावरूनच दाबता येते. चेहऱ्यावरचा नकाब मात्र बाजूला करावाच लागतो, नाहीतर श्वास, उलटी, तोंडातलं रक्त यातलं काहीच दिसत नाही. गर्दीला पाठ करून उभं करा, एक चादर आडवी धरा. तेवढी इज्जत राखता येते.

हेल्मेट काढायचं का?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. माणूस पडला की पहिला येणारा त्याचं हेल्मेट ओढून काढतो आणि दुसरा त्याला बसतं करून पाणी पाजतो. दोन्ही चूक. मानेचा मणका मोडलेला असेल आणि तो हलला, तर चालू शकणारा माणूस जन्माचा अंथरुणाला खिळू शकतो.

जखमी श्वास घेत असेल तर हेल्मेट राहू द्या, फक्त काच वर करा. हनुवटीखालचा पट्टा श्वासाला अडत असेल तर सैल करा. हेल्मेट काढायची वेळ दोनच कारणांनी येते: श्वास बंद आहे, किंवा उलटी-रक्ताने तोंड भरलंय आणि हेल्मेटमुळे ते साफ करता येत नाही. तेव्हाही दोघं लागतात. एकाने खालून मान आणि जबडा घट्ट धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट दोन्ही बाजूंनी फाकवून हळूहळू सरळ रेषेत बाहेर घ्यायचं. मान धरणाऱ्याने शेवटपर्यंत सोडायची नाही.

शुद्धीवर असेल तर “भाई, मान हलवू नका, आम्ही इथेच आहोत” असं सांगत डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरा. बेशुद्ध आहे, श्वास चालू आहे, पण तोंडात उलटी किंवा रक्त आलंय, तर तीन-चार जणांनी मिळून त्याला कुशीवर वळवायचं. डोकं, खांदे आणि कंबर एकाच वेळी वळली पाहिजेत, लाकडाचा ओंडका वळवल्यासारखी. पाठीवर ठेवलात तर तो स्वतःच्या रक्तातच गुदमरेल.

रक्त, हाड आणि हळद

भळाभळा रक्त येत असेल तर पहिलं औषध म्हणजे दाब. स्वच्छ रुमाल, ओढणी, टोपी, जे असेल ते जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा. उचलून उचलून पाहू नका. कापड भिजलं तर ते न काढता त्यावरच दुसरं ठेवा. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून दाबलं तर तुमचंही संरक्षण होतं.

हाता-पायातून रक्त दाबूनही थांबत नसेल, पिचकारी उडत असेल, तर पट्टा बांधायचा. ओढणीची चार बोटं रुंद घडी करा, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, गाठ मारा. गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. किती वाजता बांधलं ते पेनाने जखमीच्या कपाळावर किंवा हातावर लिहा. एकदा बांधला की दवाखान्यापर्यंत सैल करायचा नाही. सुतळी, तार, बुटाची नाडी यांनी मात्र बांधू नका, त्या मांस कापतात.

हळद, कॉफी पावडर, तंबाखू, चुना, राख, पेट्रोल यातलं काहीच जखमेत घालायचं नाही. रक्त थांबल्यासारखं दिसतं, पण डॉक्टरला ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि जखम चिघळते. पोटात किंवा मांडीत सळई, काच, उसाचं टिपरू घुसलं असेल तर ते उपसू नका. आत तेच बुचासारखं बसलेलं असतं. दोन्ही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या लावून ते हलणार नाही एवढं बघा.

मोडलेलं हाड सरळ करायला जाऊ नका. जसं आहे तसंच, वरचा आणि खालचा सांधा धरून, फळी, पुठ्ठा किंवा जाड गुंडाळलेलं वर्तमानपत्र लावून बांधा. पाय मोडला आणि काहीच नसेल तर तो दुसऱ्या पायालाच बांधता येतो, मध्ये चादरीची घडी ठेवून. हाड बाहेर आलं असेल तर त्यावर स्वच्छ ओलं कापड ठेवा, आत ढकलू नका. आणि त्याच दिवशी चोळायला हाडवैद्याकडे नेऊ नका. सुजेच्या आत रक्तवाहिनी दबलेली असेल तर काही तासांत पाय हातचा जातो.

चेनमध्ये किंवा यंत्रात बोट तुटलं तर ते शोधा. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या दुसऱ्या पिशवीत. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते निकामी होतं.

पाणी पाजू नका, रोजा असला तरी

जखमी पाणी मागतोच. आत रक्तस्राव होत असला की घसा कोरडा पडतो. पण गंभीर जखमीच्या पोटात पाणी गेलं तर उलटी होऊन ते फुफ्फुसात जाऊ शकतं, आणि ऑपरेशनला भूल देताना अडचण होते. ओठ ओल्या कापडाने पुसा, तेवढंच. रमजानमध्ये इफ्तारच्या अर्धा तास आधी घरी पोचायच्या घाईत अपघात होतात. तेव्हा “बिचारा रोजेदार आहे” म्हणून सरबत, खजूर, झमझम तोंडात घालायला लोक पुढे येतात. नियत चांगली असली तरी इजा मोठी होऊ शकते. आजारी आणि जखमी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करायची मुभा आहेच. तोंडाने काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

त्याला उब मात्र द्या. रक्त गेलेल्या माणसाचं अंग उन्हाळ्यातही गार पडतं आणि गार अंगात रक्त नीट गोठत नाही. म्हणून चादर, जॅकेट, जानमाज, जे असेल ते अंगावर घाला आणि खालीही सरकवता आलं तर पाहा, मान न हलवता. आजकाल आपल्याकडची बरीच कुटुंबं सुट्टीत काश्मीर-मनालीला जातात आणि गुलमर्गला बर्फावर चालणाऱ्या स्कूटरवर बसतात. तिथे ती उलटली तर नियम हेच, फक्त थंडीची भर पडते. ओले कपडे काढून कोरडे घाला, जखमीला नुसत्या बर्फावर ठेवू नका, आणि बधिर झालेली बोटं बर्फाने चोळू नका की शेगडीवर धरू नका. गरोदर बाई जखमी असेल तर तिला शक्यतो डाव्या कुशीकडे कललेली ठेवा, नुसती उताणी नको. मानेला मार असल्याची शंका असेल तर खालची फळीच डावीकडे कलती करा.

ओढणी, बुरखा आणि मागचं चाक

ही गोष्ट आपल्या घरांची आहे म्हणून जरा थांबून सांगतो. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईची ओढणी, स्टोल किंवा बुरख्याचं टोक चाकात-चेनमध्ये जातं आणि क्षणात गळ्याला फास बसतो किंवा ती खाली खेचली जाते. असं झालं तर चाक उलटं फिरवत बसू नका. इंजिन बंद करा, एकाने डोकं धरा, आणि गळ्यापाशीच कात्रीने, ब्लेडने कापड कापा. कापडाची किंमत बघू नका. नंतर ती उठून बसली, “मी बरी आहे” म्हणाली, तरी दवाखान्यात न्या. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, मान सुजणं ही आतल्या इजेची लक्षणं आहेत आणि ती काही तासांनीही दिसू शकतात.

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला साडीगार्ड हवंच, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ तेच सांगतो. चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला पाहिजे. आपली पोरं गाडी घेतल्या दिवशी ते काढून टाकतात, गाडी चांगली दिसावी म्हणून. ते परत बसवा. आणि बसताना कापडाचं टोक मांडीखाली दाबा.

बरा दिसणारा जखमी

जो आरडाओरडा करतोय त्याच्याकडे सगळे धावतात, आणि गप्प बसलेला मागे राहतो. डोक्याला मार लागलेला माणूस पुष्कळदा उठतो, कपडे झटकतो, घरी जातो, जेवतो, झोपतो आणि सकाळी उठत नाही. आत रक्त हळूहळू साठत असतं. थोडा वेळही बेशुद्ध झाला असेल, दोनदा उलटी झाली, तेच तेच विचारत असेल, गुंगी येत असेल, एक बुबुळ मोठं दिसत असेल, कानातून-नाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येत असेल, तर थेट सीटी स्कॅनची सोय असलेला दवाखाना. कानात कापूस कोंबू नका. डॉक्टरने घरी सोडलं तरी पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास कुणीतरी जवळ हवं, आणि डॉक्टरला न विचारता ब्रुफेन-ॲस्पिरिन द्यायची नाही.

पोटाचंही तसंच. हँडल पोटात घुसलेलं, टाकीवर पुढे बसवलेलं लहान मूल दाबलं गेलेलं, वरून साधं खरचटणंही नाही. पण पाणथरी किंवा यकृत फाटलेलं असू शकतं. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला, पोट कडक झालं, नाडी जोरात पळते, म्हणजे वेळ थोडा आहे.

कशातून न्यायचं

रुग्णवाहिका येत असेल तर थांबा, तोवर रक्त दाबून धरा. ती यायला उशीर असेल आणि रक्त थांबत नसेल, तर पिकअप किंवा टेम्पो चांगला. मागे सपाट जागा असते. फळी, दार, लोखंडी पलंगाचा पत्रा यावर बांधून ठेवा. दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवर ट्रिपल सीट नेणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि ते सगळ्यात वाईट. मान लटकते, श्वासनलिका बंद होते. रिक्षात मुटकुळं करून कोंबणंही त्याच जातीचं. आणि निघण्याआधी फोन करून विचारा, समोरच्या दवाखान्यात सर्जन आहे का, रक्त मिळेल का. जवळच्या सरकारी रुग्णालयात आधी रक्त थांबवून, सलाईन लावून मग पुढे न्यायचं, हे बहुतेक वेळा सरळ पुण्याची वाट धरण्यापेक्षा शहाणपणाचं.

पोलिसांची भीती

आमच्या वस्त्यांतली तरुण पोरं अपघात पाहून थांबत नाहीत, याचं कारण दगडी काळीज नाही. नाव विचारतील, ठाण्यात बसवून ठेवतील, उद्या आपल्यावरच ढकलतील, ही भीती आहे. ती भीती हवेतून आलेली नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण कायदा काय म्हणतो तेही माहीत हवं.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून मदत करताना काही कमीजास्त झालं तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याने स्वतःचं नाव-पत्ता सांगितलाच पाहिजे अशी सक्ती पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही. त्याआधी ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानेही अशा मदतनिसाच्या संरक्षणाचे नियम सगळ्या देशाला लागू केले होते. आणि १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात न्यायालयाने सांगून ठेवलंय की पोलीस येण्याची वाट न पाहता जखमीवर उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, दवाखाना सरकारी असो वा खासगी. “आधी पोलीस केस करून या” असं कुणी म्हणालं तर शांतपणे हे सांगा.

पैशाचंही ऐका. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये योजना लागू केली आहे. रस्ता अपघातातल्या प्रत्येक जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयात रोख न भरता मिळायचे आहेत. ११२ वर फोन करताना अशा जवळच्या रुग्णालयाची चौकशी करा. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला ‘राहवीर’ म्हणून पंचवीस हजार रुपये देण्याची तरतूदही २०२५ पासून आहे. बक्षिसासाठी कुणी थांबत नाही, पण सरकार थांबणाऱ्याला गुन्हेगार धरत नाही एवढं तरी यातून पोरांना कळावं.

गाडीच्या डिकीत एक मोठी ओढणी किंवा पंचा, बोथट टोकाची कात्री, चार-पाच जाड गॉज, एक रोलर पट्टी, हातमोजे आणि पेन ठेवा. दोनशे-तीनशे रुपयांत होतं. मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर घरच्या दोघांचे नंबर आणि रक्तगट लिहून ठेवा, फोन कुलूपबंद असला तरी दिसेल असा. छाती दाबण्याचा सराव वाचून होत नाही, तो पुतळ्यावरच करावा लागतो. मस्जिदीच्या किंवा शादीखान्याच्या आवारात जुम्याच्या नमाजनंतर तासभर असं शिबिर ठेवता येतं, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाला किंवा १०८ च्या लोकांना विनंती करून बघा. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा, आणि ऊसवाहतूक सुरू होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या अलीकडे.